शोक, कीर्ती आणि ‘मायबाप’ प्रेक्षक : बालगंधर्व-कथेचे धम्मदृष्टीने एक वाचन

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘मानापमान’ या संगीत नाटकाचा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ रोजी मुंबईत, ग्रँट रोड परिसरातील रिपन थिएटरात झाला. पदांना चाली गोविंदराव टेंबे यांच्या, निर्मिती किर्लोस्कर नाटक मंडळीची आणि भामिनीच्या भूमिकेत नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी मरण पावली. प्रयोग पुढे ढकलावा असे मंडळीतील माणसांना वाटले, परंतु नारायणरावांनी तो होऊ दिला, चेहऱ्याला रंग लावला आणि भामिनी उभी केली, असे सांगितले जाते. ‘मानापमान’ ही हलक्याफुलक्या शृंगाराची कथा आहे. श्रीमंतीच्या तोऱ्यात भामिनी गरीब सेनापती धैर्यधराचा अपमान करते आणि पुढे वनमालेचे सोंग घेऊन त्याच्याच प्रेमात पडते. मुलगी गमावलेल्या पित्याला त्या रात्री अशा मानिनी तरुणीचे लाडिक रुसवेफुगवे गाऊन दाखवावे लागले.

मराठी रसिकतेने हा प्रसंग शतकाहून अधिक काळ जपला आहे. बालगंधर्वांवरील आठवणींत आणि चरित्रलेखनात तो येतो. २०११ मध्ये रवी जाधव यांच्या दिग्दर्शनाखाली आणि सुबोध भावे यांच्या अभिनयाने गाजलेल्या ‘बालगंधर्व’ या चित्रपटातही तो आहे. त्या चित्रपटाची पटकथा लिहिणारे नाटककार अभिराम भडकमकर यांनी ‘असा बालगंधर्व’ ही चरित्रात्मक कादंबरीही लिहिली आहे. गिरगावातील जुन्या नाट्यवेड्या घरांत, दादरच्या शिवाजी मंदिराच्या आवारात, संगीत नाटकाची गोष्ट निघाली की हा प्रसंग निघतोच, आणि तो एकाच सुरात सांगितला जातो : केवढी ही कलानिष्ठा! प्रस्तुत लेखात वरील कादंबरीची वा चित्रपटाची साद्यंत समीक्षा करण्याचा हेतू नाही. हा एक प्रसंग आणि तो सांगण्याची आपली रीत, एवढाच विषय येथे घेतला आहे. बौद्ध वाचकाने या कथेपुढे मान तुकवावी की थोडे थांबावे, हा प्रश्न आहे.

आरंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. धम्माला संगीताचे वावडे आहे, अष्टशीलात नृत्य-गीत-वादनापासून विरतीचे शीलच सांगितले आहे, तेव्हा बौद्धाने अशा विषयात पडूच नये, असे म्हणणारे आपल्यातही आहेत. ते शील उपोसथाच्या दिवसाचे आणि प्रव्रजितांचे आहे. गायनवादनाला सरसकट त्याज्य ठरवणारी ती आज्ञा नव्हे. दीघनिकायातील सक्कपञ्हसुत्तात पञ्चशिख नावाचा गंधर्व बेलाच्या लाकडाची वीणा छेडत तथागतांपुढे चक्क एक प्रेमगीत गातो. तथागत त्याला गप्प बसवत नाहीत. तारांचा स्वर गळ्याशी आणि गळ्याचा स्वर तारांशी जुळला आहे, अशी जाणत्या श्रोत्याची दाद ते देतात आणि हे गीत कधी रचलेस, अशी चौकशीही करतात. गंधर्व आणि बुद्ध यांचे असे जुने, सौजन्याचे नाते आहे. लोकमान्य टिळकांनी दिलेली म्हणून सांगितली जाणारी ‘बालगंधर्व’ ही पदवी बौद्धाच्या कानाला परकी वाटण्याचे कारण नाही.

तरीही कलावंत, त्याचा प्रेक्षक आणि त्यांच्यातील देवघेव यांविषयी तिपिटकात एक अत्यंत कठोर सुत्त आहे. संयुत्तनिकायातील हे तालपुटसुत्त आपल्याकडे फारसे वाचले जात नाही. तालपुट हा नटांचा प्रमुख. रंगमंचावर सत्याने आणि असत्याने लोकांना हसवणारा, रिझवणारा नट मरणानंतर हसऱ्या देवांच्या लोकी जातो, असे त्याच्या परंपरेतील जुने आचार्य सांगत आले होते. हे खरे काय, असे तो विचारतो. तथागत म्हणतात, हे राहू दे, विचारू नकोस. तो पुन्हा विचारतो, आणि पुन्हा तेच उत्तर येते. तिसऱ्या वेळी मात्र तथागत उत्तर देतात आणि त्यात नटाइतकेच प्रेक्षकही येतात. लोक मुळातच राग, द्वेष आणि मोह यांच्या बंधनात असतात. नट त्यांच्यापुढे तीच बंधने आणखी घट्ट करणाऱ्या गोष्टी मांडतो. स्वतः मत्त आणि प्रमत्त होऊन तो त्यांनाही तसेच करतो. त्याची गती हसऱ्या देवांकडे नाही. हे ऐकून तालपुट रडतो, आणि का रडतो तेही सांगतो. या उत्तराचे दुःख त्याला नाही. जुन्या नटाचार्यांनी आपल्याला दीर्घकाळ फसवले, याचे ते रडणे आहे. पुढे तो प्रव्रज्या घेतो. थेरगाथेत त्याच्या नावावर पन्नासहून अधिक गाथा आहेत आणि त्यांतील बहुतेक स्वतःच्या चित्ताला उद्देशून आहेत. आयुष्यभर दुसऱ्यांना उद्देशून बोललेल्या नटाला अखेर स्वतःशी बोलावेसे वाटले, ही गोष्ट मला त्या कठोर निवाड्याहूनही महत्त्वाची वाटते.

या सुत्ताच्या उजेडात १२ मार्चचा प्रसंग पाहिला की नजर भामिनीवरून हटून रिपन थिएटरच्या खुर्च्यांकडे वळते. बालगंधर्व प्रेक्षकांना ‘मायबाप’ म्हणत. नाटकवाल्यांच्या बोलीतला हा नेहमीचा शब्द होता, हे खरे. पण त्या दिवशी तो शब्द काय करतो ते पाहावे. ज्याचे बापपण सकाळी हिरावले गेले, तो रात्री लेकरू होऊन शेकडो मायबापांपुढे उभा राहिला. आईबापांना लेकराचे दुःख कळायला हवे. येथील मायबापांना मात्र ते न कळू देणे हाच लेकराचा धर्म मानला गेला. शोक झाकल्याबद्दल त्याची स्तुती झाली, आणि स्तुती करणारे तेच होते ज्यांच्यासाठी तो झाकला गेला. ज्याला आपण कलानिष्ठा म्हणतो, तिच्यात तिकीट काढून आलेल्या समाजाच्या अपेक्षेचा वाटा किती, हा हिशेब आपण कधी मांडलेला नाही.

संगीत नाटक हा त्या काळचा संगीतव्यवसायच होता. नाट्यपदे ध्वनिमुद्रिकांवरून घरोघरी पोहोचत होती, मंडळ्यांवर कर्जाचे डोंगर होत होते आणि नटाच्या नावावर पैसा उभा राहत होता. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. ८ जुलै १९२१ रोजी केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्शसह याच नाटकाचा ‘संयुक्त मानापमान’ म्हणून प्रसिद्ध असलेला प्रयोग टिळक स्वराज्य फंडासाठी झाला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव वारले. अशा व्यवसायात शोकाला वेळ नसतो. एक प्रयोग रद्द होणे म्हणजे कितीजणांचे पोट, हे नारायणरावांना ठाऊक होते, आणि त्या अर्थाने त्यांच्या निर्णयात करुणाही असेल. ती मी नाकारत नाही. परंतु कथा सांगणारे या पोटाविषयी क्वचितच बोलतात. त्यांना कलेचे दैवत हवे असते.

आता या कथेचा बौद्ध प्रतिपक्ष पाहणे प्रामाणिकपणाचे होईल, कारण वरवर पाहता आपल्याच वाङ्मयात हुबेहूब अशी एक कथा आहे. धम्मपद-अट्ठकथेत विडूडभाच्या कथेच्या ओघात सेनापती बंधुल याची पत्नी मल्लिका येते. तिने अग्रश्रावकांसह पाचशे भिक्खूंना भोजनाचे निमंत्रण दिले होते. त्याच सकाळी तिला चिठ्ठी आली, की राजाज्ञेने तिचा पती आणि बत्तीस पुत्र यांची मस्तके उतरवण्यात आली आहेत. तिने चिठ्ठी वस्त्रात खोचली आणि वाढणे चालू ठेवले. दासीच्या हातून तुपाचे भांडे फुटले, तेव्हा सारिपुत्त म्हणाले, फुटणारी वस्तू फुटली, चिंता करू नये. त्यावर मल्लिकेने चिठ्ठी काढून दाखवली. हे ऐकूनही मी चिंता केली नाही, मग भांड्याची कशाला करीन, असे ती म्हणाली.

म्हणजे शोक झाकून कर्तव्य करणारी माणसे बौद्ध परंपरेलाही वंद्य आहेत, असा युक्तिवाद कोणी करील. पण कथा येथे संपत नाही, आणि माझ्या मते तिचे सारे वजन पुढच्या भागात आहे. प्रथम, चिठ्ठी बाहेर येते. ज्यांच्यासाठी शोक झाकला त्यांच्याच पुढे तो उघड होतो, सारिपुत्त तो ऐकून घेतात आणि धम्मदेशना करतात. दुसरे, भोजन संपल्यावर मल्लिका आपल्या बत्तीस सुनांना बोलावून घेते. जे तिला झाले तेच त्या बत्तीस जणींना झाले आहे. ती त्यांना सांत्वन देते आणि राजाविषयी मनात वैर धरू नका, असे सांगते. (पतींच्या मृत्यूचे कारण म्हणून ती पूर्वकर्माचाही दाखला देते. पूर्वजन्मीच्या कर्माची ही उपपत्ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात नाकारली आहे, आणि आपणही ती येथे बाजूला ठेवावी. राजाने निरपराधांची हत्या करावी आणि विधवांनी पूर्वकर्म आठवावे, हे सांत्वन राजाच्याच सोयीचे आहे.) तेवढे वगळून जे उरते ते मोठे आहे. मल्लिकेचे धैर्य तिच्यापाशी थांबत नाही. ते जिच्या जिच्या घरात मरण शिरले आहे तिच्यापर्यंत जाते.

नारायणरावांच्या कथेत असे कोण आहे? मुलीची आई लक्ष्मीबाई. तोंडी सांगितल्या जाणाऱ्या आख्यायिकेत मुलीचे नाव बहुधा येत नाही आणि आईचेही नाही. कथा मृत्यूपासून निघते ती थेट टाळ्यांपाशी येऊन थांबते. चित्रपटाने विभावरी देशपांडे यांच्या रूपाने लक्ष्मीबाईंना चेहरा दिला, हे त्याचे श्रेय मान्य केले पाहिजे. तरी प्रसंगाचा कळस रंगमंचाचाच राहतो, कारण प्रेक्षकाला तेथेच जायचे असते. येथे थेरीगाथेतील उब्बिरीची आठवण होते. तीही मुलगी गमावलेली आई. ती स्मशानात ‘जीवा’ म्हणून हंबरडा फोडते. तथागत तिला गप्प राहायला सांगत नाहीत. या स्मशानात जीवा नावाच्या चौऱ्यांशी हजार मुलींना अग्नी दिला गेला आहे, त्यांतील कोणत्या जीवेसाठी तू रडतेस, असे ते विचारतात. शोक ओसरतो तो मुलीचे नाव पुसून टाकल्याने नव्हे. तेच नाव असंख्य घरांतील मुलींचे झाल्यावर आईला आपले दुःख त्या घरांशी जोडलेले दिसते. किसागोतमीलाही तथागतांनी घरोघरच पाठवले होते. ती प्रेत खांद्यावर घेऊन गावभर हिंडली, आणि तिला कोणी पडद्याआड थांबायला सांगितले नाही.

यानंतर आठ वर्षांनी बालगंधर्वांच्या वाट्याला आलेली एक भूमिका या संदर्भात पाहण्यासारखी आहे. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले आणि त्यांच्या ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग महिन्याभरात, २० फेब्रुवारीला, बडोद्यास झाला. सिंधूची भूमिका बालगंधर्वांची. दारूच्या नशेत सुधाकर स्वतःच्या तान्ह्या मुलाच्या मृत्यूस कारण होतो, सिंधूही घायाळ होऊन मरते, आणि मरताना पतीला वाचवण्यासाठी खरे काय घडले ते लपवते. फाटक्या लुगड्यातील त्या सिंधूपुढे महाराष्ट्र ढसढसा रडला. पिता म्हणून जे दुःख दाखवू दिले गेले नाही ते माता म्हणून वाट काढून आले, असे म्हणण्याचा मोह होतो. पण नटाच्या मनात शिरण्याचा तो आगाऊपणा मी करणार नाही. एवढे मात्र निश्चित, की प्रेक्षक पुन्हा त्याच गोष्टीवर लुब्ध झाला. लपवण्यावर. भामिनीच्या रंगाखाली बाप लपला म्हणून धन्य, आणि सिंधूच्या खोट्या साक्षीखाली खून लपला म्हणून धन्य. झाकलेल्या दुःखाला आपण शील समजत आलो आहोत आणि ते झाकायला कोणी भाग पाडले, हे विचारणे असंस्कृतपणाचे मानत आलो आहोत.

असा प्रश्न बाबासाहेबांनी विचारला होता, आणि योगायोग असा की तो बालगंधर्वांच्याच एका चित्रपटाच्या निमित्ताने. १९३५ मध्ये प्रभात फिल्म कंपनीच्या ‘धर्मात्मा’त बालगंधर्वांनी संत एकनाथांची, म्हणजे पुरुषाची, भूमिका केली. अस्पृश्यांच्या घरी जेवणारे एकनाथ पाहून प्रेक्षक सद्गदित झाले असतील. ‘जातिनिर्मूलन’ या प्रबंधावर गांधीजींनी घेतलेल्या आक्षेपांना उत्तर देताना बाबासाहेबांनी या चित्रपटाचा नावाने उल्लेख केला आहे. अस्पृश्याला शिवल्याबद्दल एकनाथांना नायक केले जाते खरे, पण विटाळ होतो हे त्यांना मान्यच होते आणि गंगास्नानाने तो फिटतो असा त्यांचा भाव होता, असे बाबासाहेब तेथे दाखवून देतात. समीक्षेचा हा धडा आपण पुरेसा घेतलेला नाही. गाणे गोड आहे, अभिनय हृद्य आहे, कृती उदात्त आहे, हे सारे मान्य करून बाबासाहेब एवढेच विचारतात, की या उदात्त कृतीने कोणती व्यवस्था जशीच्या तशी राहू दिली?

चरित्रात्मक कादंबरीला हा प्रश्न विचारणे सोपे असायला हवे. चरित्रकार कागदपत्रांनी बांधलेला असतो. कादंबरीकाराला लक्ष्मीबाईंच्या खोलीत जाण्याचा परवाना असतो. तरीही ‘स्वामी’पासून पुढे आपल्याकडे हा प्रकार मुख्यतः विभूतीच्या उंचीसाठी वापरला गेला. ‘असा बालगंधर्व’ या शीर्षकातील ‘असा’ हा शब्दच पाहा. त्यात बोट दाखवून नवलाने थक्क होण्याचा सूर आहे. व्यक्तीविषयी आदर असणे गैर नाही, आणि या माणसाचे आयुष्य विलक्षण होते यात शंका नाही. अंगुत्तरनिकायात सांगितलेले आठही लोकधम्म, म्हणजे लाभ-अलाभ, यश-अपयश, निंदा-प्रशंसा आणि सुख-दुःख, त्यांच्या वाट्याला पुरेपूर आले. (पालीतील ‘यस’ म्हणजे कीर्ती आणि परिवार. मराठी ‘यश’ त्यामानाने फार घाईचे झाले आहे.) मंडळीचे वैभव आले आणि गेले, कर्ज फेडले गेले आणि पुन्हा झाले. गोहरबाई कर्नाटकी यांच्या सहवासामुळे निंदा झाली, आणि त्या निंदेत धर्मद्वेषाचा वाटा किती होता हे निंदकांनाच ठाऊक. पाय अधू झाले, १९६४ मध्ये पद्मभूषण आले आणि १५ जुलै १९६७ रोजी मृत्यू. या चढउतारांत त्या माणसाचे चित्त कसे राहिले, हा बौद्धाला पडणारा प्रश्न. कादंबरीच्या वाचकाला मात्र बहुधा चढउतारच हवे असतात.

येथवर दुसऱ्यांच्या रंगभूमीविषयी बोललो. आता आपल्या. दामोदर हॉल म्हणून परळमधील गिरणगाव ज्याला ओळखत असे, त्या सभागृहात कामगारांची नाटके होत, आणि तेथेच ९ मार्च १९२४ रोजी बाबासाहेबांनी बोलावलेल्या सभेतून बहिष्कृत हितकारिणी सभेचा विचार पुढे आला. आंबेडकरी जलसा आणि गायन यांची वाढ याच वस्त्यांत, नायगाव-परळ-डिलाईल रोडच्या चाळींत झाली. त्या परंपरेतील लोकशाहीर विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर, मंचावरच कोसळले आणि गेले. त्यांच्याविषयी त्यानंतर जे बोलले आणि लिहिले गेले त्यात ‘कलावंताला असेच मरण यावे’ हा सूर ठायीठायी होता. एकोणऐंशी वर्षांच्या गायकाला विश्रांती का घेता आली नाही, आपल्या गायकांना म्हातारपणी मानधन, औषध आणि घर कोण देतो, हे प्रश्न त्या सुरात बुडाले. सहा डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर ज्यांच्या आवाजातील ध्वनिफिती आणि तबकड्या वर्षानुवर्षे विकल्या गेल्या, त्या गायकांपर्यंत त्यातील किती पोहोचले? मायबाप प्रेक्षक केवळ ग्रँट रोडला होता असे समजण्याचे कारण नाही. तो आपल्या मंडपातही पहिल्या रांगेत बसतो.

विलास घोगरे यांचे उदाहरण त्याहून अवघड आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. चारच दिवसांनी या शाहिराने मुलुंडमधील आपल्या झोपडीत जीवन संपवले. आत्मघाताचा गौरव बौद्धाने करू नये. त्यांच्या मृत्यूचे गाणे करून टाळ्या घेणे म्हणजे १९११ च्या कथेकडेच परत जाणे होय. आनंद पटवर्धन यांनी पुढची चौदा वर्षे खर्चून केलेल्या ‘जय भीम कॉम्रेड’ या माहितीपटात याहून निराळी वाट दिसते. चित्रपट घोगरे यांच्या आवाजापासून आणि मृत्यूपासून निघतो, पण त्यांच्यापाशी थांबत नाही. कॅमेरा रमाबाई नगरातील गल्ल्यांत जातो, मारल्या गेलेल्यांच्या आया, बायका आणि भाऊ यांच्यासमोर बसतो, न्यायालयात जातो, कचऱ्याच्या ढिगांवर काम करणाऱ्यांकडे जातो आणि मग नव्या पिढीच्या शाहिरांकडे येतो. तीन तासांहून लांबलेल्या या चित्रपटावर पसरटपणाचा आक्षेप घेता येईल, आणि काही ठिकाणी तो मलाही पटतो. परंतु मल्लिकेने सुनांना बोलावून घ्यावे तसे एका मृत्यूच्या कथेने दुसऱ्या घरांना येथे बोलावून घेतले आहे. मुंबईतील चाळी आणि वस्त्यांच्या अंगणांत पडदा लावून त्याचे खेळ झाले, तेव्हा पडद्यावरील घरे आणि पाहणाऱ्यांची घरे यांत फारसे अंतर नव्हते.